बारमाही रस्त्याचं गाव

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी ज्वारी निवडत बसले होते. फोनवर त्यांची सून महादेवी होती. रडत नव्हती. म्हणाली, "बाई, अप्पा गेले. काल माती दिली. पाण्याला लई वढ व्हती, तुमाला कसं बोलवावं..." मग म्हणाली, "कढईतच बसवून नेलं." लिंगायतांत माणसाला बसवूनच माती देतात हे मला ठाऊक होतं. त्यांच्या घरच्यांच्या समाध्या पलीकडच्या काठावरच्या वावरात आहेत हेही ठाऊक होतं. तरी अप्पा कढईत बसलेत आणि दोर भलताच कुणी ओढतोय, हे काही केल्या डोळ्यांपुढे येईना. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. माणूस गेल्याच्या फोनवर कुणी "बरं" म्हणतं का? पण मी म्हणाले खरं.

शिवलिंगअप्पा माझ्या नात्यातले नव्हेत. मी लोह्याची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी निलंगा तालुक्यातल्या त्यांच्या गावी, एका खोलीच्या शाळेवर मला पाठवलं. त्या गावाचं एकच चुकलं होतं. धरण झालं तेव्हा ते बुडालं नाही. बुडालं असतं तर नवी जागा, नवी घरं, काहीतरी पदरात पडलं असतं. पाणी तिन्ही बाजूंनी येऊन थांबलं, चौथ्या बाजूचा ओढा फुगला आणि चाळीस उंबऱ्यांचं गाव मधोमध कोरडं राहिलं. तालुक्याच्या कचेरीत त्याला सगळे 'बेट' म्हणत. ये-जा करायला होती एक कढई, गुऱ्हाळातली, गूळ आटवायची. ओढ्याच्या दोन्ही काठांना दोर बांधलेला. कढईत उकिडवं बसायचं आणि दोर ओढत पलीकडे जायचं. पहिल्या दिवशी मी रडकुंडीला आले, तेव्हा दोर धरून बसलेला पागोटेवाला माणूस गंभीरपणे म्हणाला, "बाई, ह्यो येगळा देश हाय. भिऊ नगा, पासपोर्ट लागत न्हाई." ते अप्पा.

त्या देशाचं सगळं मंत्रिमंडळ त्यांच्या डोक्यात तयार होतं. मी शिक्षणमंत्री, डोहाळे लागलेली म्हैस दुग्धविकास खात्याला आणि स्वतः अप्पा कढईखात्याचे. कायदाही एक केलेला होता. कढई पाण्यात असेपर्यंत राजकारण बोलायचं नाही. कारण अगदी व्यवहारातलं होतं. पुढाऱ्यांचं नाव निघालं की माणसं हातवारे करतात आणि कढई कलते. एकदा दोघेजण पंचायतीवरून वाद घालता घालता तांदळाच्या पोत्यासकट पाण्यात गेले होते, तेव्हापासूनचा हा कायदा. काठावर पाय टेकला की मात्र अप्पांच्या तोंडाचा जो पट्टा सुटायचा, तो थेट घर येईपर्यंत.

अप्पांची शाळा निजामाच्या काळातली, दोन यत्ता, तीही उर्दूतून. मराठी अक्षर त्यांना लागत नसे. सही उर्दूत करत, उजवीकडून डावीकडे, फार देखणी. ओढ्यावरच्या पुलासाठीची दरखास्त, अर्जाला ते दरखास्तच म्हणत, दरवर्षी जानेवारीतलं झेंडावंदन झालं की शाळेच्या ओट्यावर बसून मला सांगत आणि मी लिही. लिहून झाली की मी ती दोनदा वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकत, ओळ संपली की गुडघ्यावर बोट टेकवत, मग सही. माझी पुढे किनवटला बदली झाली, मग नांदेड, लग्न, मुलं... तरी जानेवारीत मी एक दिवस काढून जात असे. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या म्हटलं की म्हणत, "अक्षर तुमचंच पायजे बाई. सायबाला वळख ऱ्हाती."

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा गावात पेढे वाटले होते. उस्मानाबाद लांब, लातूर जवळ, आता कामं होणार, असं सगळेच म्हणत होते. त्यात जिल्हा परिषदेवर निवडून आला तो गावचाच दिगंबर, अप्पांच्या बरोबरीनं गुरं राखलेला. मतदानाला सगळं गाव अप्पांनी कढईतून पलीकडे नेलं, दिवसभरात हाताची सालटी निघाली. निकालाच्या दिवशी दिगंबररावांना फेटा त्यांनीच बांधला. मग दिगंबररावांनी लातूरला घर बांधलं आणि दरखास्तींना उत्तरं यायला लागली. धरणाची भिंत जुन्या जिल्ह्यात राहिलेली, गाव नव्यात आलेलं. नवा जिल्हा म्हणे जुन्याकडे जा, जुना म्हणे नव्याकडे. पुढच्या निवडणुकीला अप्पांनी पुन्हा दिगंबररावांनाच मत दिलं. मला ते कळेना, मी चिडून विचारलंही. ते म्हणाले, "मग कुणाला देऊ? दुसरा कोण कढईत बसलाय?" शिव्याही त्यालाच, मतही त्यालाच. हा माणूस भोळा आहे की बेरकी, हे मला तेव्हा समजलं नाही. आज समजतंय असंही म्हणवत नाही.

मग दुष्काळ पडला. मी अजून तिथेच होते तेव्हाची गोष्ट. पाणी मागे मागे सरकत गेलं आणि बुडालेला जुना गाडीरस्ता वर आला, चिखलाच्या पापुद्र्यांनी भरलेला. कढई काठावर पालथी पडली. गावातल्या विहिरी तळाला गेल्या, बाया धरणाच्या पोटात झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. दोन लेकरं जुलाबानं निलंग्याच्या दवाखान्यात होती. आणि त्या वर आलेल्या रस्त्यावरून, निवडून आल्यापासून पहिल्यांदा, दिगंबररावांची जीप गावात आली. अप्पा पुढे होऊन म्हणाले, "दिगू, पाणी आटलं तवा आलास. पाणी व्हतं तवा कढई व्हती की रं." दिगंबरराव म्हणाले, टँकर देतो, पण गावाला रस्ता असल्याशिवाय टँकर मंजूर होत नाही, तसं लिहून द्या, आणि ज्याच्या नावानं सगळे अर्ज येतात त्याचीच सही लागेल.

लिहायला अर्थातच मी. दिगंबररावांबरोबर आलेल्या कारकुनानं मजकूर सांगितला. "गावास रस्ता उपलब्ध असून" असं मी लिहिलं, तर तो म्हणाला, 'बारमाही' घाला, त्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो शब्द खोटा आहे हे मला कळत होतं, आणि पुढे तो पुलाच्या मुळावर येईल हेही कळत होतं. झिऱ्यावरची बायांची रांग तिथून दिसत होती. मी लिहिलं. मग रिवाजाप्रमाणे अप्पांना वाचून दाखवलं. एकदाच, दोनदा नाही. अप्पांनी सही केली, चौथ्या दिवशी टँकर आला. तो शब्द मी मोठ्यानं वाचला की गिळला... हे मला आठवत नाही. तेव्हापासून आठवायचा प्रयत्न करतेय. कधी माझा आवाज ऐकू येतो, कधी त्या जागी नुसतीच घाई.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, रस्ता परत पाण्याखाली गेला. जानेवारीतल्या दरखास्तीला उत्तर आलं की, गावाच्याच लेखी निवेदनानुसार गावास बारमाही रस्ता असल्याने पुलाची आवश्यकता दिसून येत नाही. ते पत्र अप्पांनी माझ्या हातात दिलं. मी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "विचार चालू आहे म्हणतात." अप्पा म्हणाले, "करू द्या विचार." आणि त्यानंतर दरवर्षी मी त्या पाण्यात गेलेल्या पुलासाठी त्यांना दरखास्त लिहून देत राहिले. एवढं तरी करावं, त्यांना आशा वाटते तेवढी वाटू द्यावी, म्हणून.

तीन आठवड्यांनी मी भेटायला गेले. कढई तीच, बुडाला दोन ठिगळं. दोर महादेवी ओढत होती. मी मध्येच विचारलं, अप्पा शेवटी माझ्याबद्दल, त्या कागदांबद्दल काही बोलले का? ती ओढता ओढता म्हणाली, "कढईत नगं बाई."

घरी चुलीपुढे भाकरी थापताना तिनं सांगितलं. रोज सकाळी लिंगपूजा झाली की अप्पा साऱ्या दरखास्ती पाठ म्हणत. एकेक, तारीखवार, माझ्याच शब्दांत. ऐकून ऐकून तिलाही पाठ झाल्या होत्या. मी विचारलं, दुष्काळातली? "हाव, ती शेवटी." हात न थांबवता, पोरीनं कविता म्हणावी तशी ती म्हणायला लागली... "गावास बारमाही रस्ता उपलब्ध असून..." म्हणजे मी वाचला होता. तो शब्द त्यांनी ऐकला होता, ऐकून सही केली होती. इतक्या वर्षांचं ओझं उतरायला हवं होतं. ते उतरतंय असं वाटेपर्यंत महादेवी म्हणाली, "त्या शब्दापाशी थांबायचे. म्हणायचे, बाईनं भाबडेपणी लिवलं, त्यापायी पूल गेला ह्ये त्यांना कळू देऊ नगा, जिवाला लावून घेतील. दरसाली येतेत बिचाऱ्या आशेनं, येऊ द्या."

त्यांच्यासाठी मी जात होते, आणि माझ्यासाठी ते दरखास्त सांगत होते. पूल येणार नाही हे दोघांनाही ठाऊक. आणि मी भाबडी नव्हते, हे तेवढं त्यांना ठाऊक नव्हतं. आता ते कुणाला सांगू?

परतताना पलीकडच्या वावरात समाधीची ओली माती दिसत होती. महादेवीनं दोर धरला, मी कढईत, शेवटी अप्पांना बसवलं असेल त्या जागेवर बसले. सांगायचं ओठावर आलं होतं. पण कढई पाण्यात होती.