एक भोक राहू दिलं

माझ्या ताईच्या हातून गेलेल्या कपड्यात भोक शोधायला भिंगसुद्धा कमी पडेल. रफू हा तिचा धंदा, आणि धंदा कसला, खोडच. भोक दिसलं की तिच्या हाताला चैन पडत नाही. एकाच दुकानात ती खिडकीपाशी रफू करते आणि मी मागे इस्त्री. तिच्या वाट्याची भांडणंही मीच भांडते, कारण ताई चिडली की गप्प बसते आणि मी चिडले की गल्लीला कळतं.

तिची मुलगी बबडी याच दुकानात वाढली. "भोक ठेवून उठायचं नाही" हे ऐकतच ती मोठी झाली. तिला औषधशास्त्राच्या कॉलेजात जायचं होतं. त्यासाठी प्रवेश परीक्षा, आणि परीक्षेसाठी नाक्यावरच्या सरांचा क्लास. फी सगळ्यांना सारखीच, पण हुशार ठरवलेली मुलं पुढच्या खोलीत सरांसमोर आणि आमची मागच्या खोलीत. तिथे सर कधीमधी डोकावायचे आणि दारातूनच मंत्र द्यायचे, "कोरं काही ठेवू नका. येत नसेल तर ठोकून द्या!"

आई तेच सांगणारी, सरही तेच. बबडीने शेवटच्या काही मिनिटांत न वाचलेल्या प्रश्नांचे गोलसुद्धा पेनाने भरून टाकले. घरी येऊन म्हणाली, "आई, एकही भोक ठेवलं नाही." ताईने तिला जवळ घेतलं.

निकाल लागला आणि आम्ही तोंडावर आपटलो. तेव्हा कुठे मी परीक्षेची माहितीपुस्तिका उघडली. ठळक अक्षरांत छापलं होतं: बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं की एक गुण कापणार, कोऱ्याला काही नाही. बबडीने मेहनतीने मिळवलेले गुण तिच्या ठोकलेल्या उत्तरांनी खाल्ले होते. परीक्षेला दोनदाच बसू देतात. म्हणजे आता एकच संधी उरली.

मी तडक क्लासवर गेले.

"नियम यंदाच बदललाय," सर म्हणाले. "पुढच्या खोलीत सांगितलं होतं. मागच्यांनी विचारायला नको?"

चोर तो चोर, वर शिरजोर! मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण एक शब्दही मागे घेणार नाही.

ताईचा राग वेगळाच होता. "तो बोलला ते बोलला, पण तिच्या हाताला सवय लावली ती मी," म्हणाली, आणि कितीतरी दिवस आमच्याशी धड बोलली नाही. मग एका सकाळी तिने बबडीला क्लासमधून काढलं, जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या आणि दुकानातलं घड्याळ तिच्यासमोर मांडलं. नियम ठरला: चारांतले दोन पर्याय खात्रीने खोडता आले तरच उत्तराला हात लावायचा, नाहीतर पुढे जायचं. बबडीचं पेन उगाच एखाद्या कोऱ्या गोलाकडे सरकलं की ताई सुई ठेवून ओरडायची, "राहू दे!" ओरडताना तिचाच चेहरा कसनुसा व्हायचा.

दुसऱ्या वेळी बबडी भरपूर गोल कोरे ठेवून आली, आणि तिला कॉलेज मिळालं.

आठवडा झाला नाही तोच क्लासच्या दारावर फलक चढला. त्यावर बबडीचा फोटो, खाली 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. माझं डोकं फिरलं. फलक फाडायला निघाले तर ताईने हात धरला. "थांब. त्याचा कोट आलाय आपल्याकडे."

खरंच आला होता. सरांचा सत्कार होता आणि ठेवणीतल्या कोटाला कसर लागली होती. सर स्वतः न्यायला आले, कोट उजेडात धरून बघू लागले. बाहीवर, पाठीवर भोकं कुठे होती तेही कळत नव्हतं. छातीवर मात्र, खिशाच्या अगदी वर, एक भोक तसंच होतं. आतलं पांढरं अस्तर दिसत होतं.

"अहो बाई, हे राहिलं की!"

"राहिलं नाही, ठेवलंय," ताई म्हणाली. "कोरं ठेवायला उशिरा शिकले मी. तुमच्या क्लासात ते शिकवत नाहीत. पोरीचा फोटो उतरवा, मग भरते."

"पण सत्कार आज संध्याकाळी आहे!"

"मग शिडी आत्ताच आणावी लागेल," ताई म्हणाली आणि तिने पुढचा कपडा मांडीवर घेतला.

मी इस्त्री हातात धरून उभीच. आयुष्यात पहिल्यांदा मला भांडायला काही उरलं नव्हतं.