अण्णारावच्या घरात दगड न्हाई

अण्णारावच्या घरात दगड औषधालाबी सापडायचा न्हाई. पत्र्याच्या भिंती, पत्र्याचंच छत. पाटा-वरवंटासुद्धा न्हाई, सून चटणी वाटायला माझ्या दारात येती. मी तारामती, त्यांची शेजारीण. शाळेत खिचडी शिजवते. अण्णारावला कुणी हसलं की मी हसणाऱ्याला फैलावर घेते. त्र्याण्णवच्या भूकंपात ह्या माणसाची लेक घराच्या दगडी भिंतीखाली गेली. हसायची गोष्ट हाय का ही?

यंदा मंजुषाबाईंनी दुसरीच्या लेकरांना दगडं जमवायला लावली. अंड्याचा रिकामा ट्रे घेतला अन् एकेका लेकराला एकेक खळगा दिला. दगड धुवायचा, खिळ्यानं ओरखडा काढून बघायचा, कुठला ते चिठ्ठीवर लिहायचं. कुणी गारगोटी आणली, कुणी चुनखडी, कुणी मुरमाचा खडा. अण्णारावच्या नातीनं, तनुजानं, भूकंपात पडलेल्या जुन्या गावातनं काळा दगड आणला अन् गुपचूप दप्तरात ठेवला. लबाड पोरगी! पण सकाळी वही काढताना तो आजोबाच्या पुढ्यातच पडला.

दगड घेऊन अण्णाराव तडक शाळेत आले. म्हटलं, आता बाईची काही खैर न्हाई. डाव तसाच पातेल्यात सोडून मी वर्गाच्या दारात गेले.

"बाई, लेकरांच्या हातात हे देताय तुम्ही?" त्यांचा आवाज चढला होता. "माणसं मारलीत ह्यानं! फेका समदी!"

मंजुषाबाई माहूरकडच्या, औंदाच आलेल्या. त्यांना काय ठावं? तनुजा मात्र रडकुंडीला येऊनबी आडवी आली.

"माझा खळगा रिकामा राहील, आबा. अन् ह्यानं कसं मारलं? ह्याला हात हाय का?"

आता पोरीच्या कानाखाली बसती, असं वाटलं मला. पण अण्णाराव मटकन खाली बसले. दगड हातात फिरवत राहिले.

"न्हाई," ते म्हणले. "ह्याला हात न्हाई. भिंत म्या रचली होती. चांगली दोन हात रुंद. दगडावर दगड ठेवले अन् मधी निस्ती माती घातली. तवा समदे तशीच बांधायचे. त्याच भिंतीला लागून माझी शिवकांता निजली होती."

लेकीचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या डोळ्याला धार लागली. एवढी वर्षं दगडावर राग धरला, कारण स्वतःवर धरला असता तर हा माणूस जगलाच नसता.

त्यांनी दगड तनुजाच्या खळग्यात ठेवला. पुढं बसलेल्या, तनुजाच्याच वर्गातल्या शिवांगीला त्यातलं काय कळलं देव जाणे. तिनं अण्णारावच्या गुडघ्याला हात लावला.

"भिंत पडली तवा तुमाला लागलं का, आबा?"

"हाव," अण्णाराव म्हणले. "लई लागलं, बाळा."