माझा नंबर त्यांच्या पायात

नवऱ्याला कबुतरांचा नाद लग्नाआधीपासूनचा. मी त्याच्या घरात आले तेव्हा ती आधीच तिथे होती, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. पुढे आम्ही पनवेलजवळ विचुंब्याला रो-हाउस घेतलं तेव्हासुद्धा त्याने खोल्या नंतर पाहिल्या, आधी गच्ची पाहिली. गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात त्याने लाकडी फळ्या आणि जाळी मारून ढाबळ बांधली. चोवीस कप्पे. मी वर जायचे ती कपडे वाळत घालायला, आणि खाली यायचे ती साडीवरचं पीस झटकत. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कबुतरांच्या विष्ठेने माणसाच्या फुप्फुसांचं काय होतं ते मला कामातून माहीत होतं. मी एकच अट घातली होती, ढाबळ साफ करताना मास्क लावायचा. ती त्याने पाळली. बाकी त्याचं तो बघायचा आणि माझं मी.

हे सव्वीस वर्षं चाललं. मग तो ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन गच्चीची शिडी चढताना घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तो शिडीच्या तळाशी उभा राहून वर बघत होता. कबुतरं घुमत होती.

"अगं, तेवढे दाणे टाकशील का?" तो म्हणाला.

दाण्यांचं मिश्रण त्याचंच होतं. ज्वारी, बाजरी, मका, थोडी मटकी, आणि थंडीत मूठभर शेंगदाणे. मोजायला स्टीलचा जुना पेला. सकाळी उडवून आणल्यावर एक पेला, संध्याकाळी दोन. डबा खडखडवायचा, मग सगळी खाली येतात. उडवण्याआधी एक दाणाही द्यायचा नाही, हा त्याचा नियम. "पोट भरलेलं कबूतर घरी कशाला येईल?" असं तो म्हणायचा. मला ते पटत नव्हतं. सकाळी सहाला वर गेलं की ती जाळीशी गर्दी करायची, एकमेकांच्या पाठीवर चढायची. लहानपणापासून मला घरात कुणी उपाशी बसलेलं बघवत नाही. मी पेला थोडा जास्त भरायला लागले. तो खाली असायचा, त्याला दिसत नव्हतं.

प्लास्टरला दहा दिवस झाले असतील, तेव्हा त्याने सांगितलं की चार कप्प्यांमधली आठ पिल्लं रिंग घालायला आली आहेत. रिंग म्हणजे पायातली अ‍ॅल्युमिनियमची बंद कडी. पिल्लू सात-आठ दिवसांचं असतानाच ती पायात सरकवावी लागते. दोन दिवस आधी घातली तर गळून पडते, दोन दिवस उशीर झाला तर पंजा मोठा होतो आणि कडी जात नाही. एकदा बसली की जन्मभर निघत नाही.

"मला नाही जमायचं," मी म्हणाले. "मोडेल पाय."

"रोज माणसांच्या हातात सुया खुपसतेस आणि पिल्लाला घाबरतेस?"

तो एका हाताने शिडी धरून कसाबसा वर आला आणि स्टुलावर बसला. मी पहिलं पिल्लू उचललं. अंगावर पिवळी लव, चोच अंगाच्या मानाने फार मोठी, पोट गरम आणि दाण्यांनी टम्म. हातात घेतल्यावर त्याने माझ्या बोटाला चोचीने ढुसण्या दिल्या. ते माझ्याकडे खायला मागत होतं.

"पुढची तीन बोटं एकत्र धर," नवरा म्हणाला. "त्यांच्यावरून कडी आत घे. मागचं बोट पायाला चिकटवून ठेव. आता कडी वर सरकव. जोर लावू नकोस, फिरव."

कडी पंजाच्या जाड भागावर अडकली. मी थांबले. त्याने पॅराशूटच्या बाटलीकडे बोट दाखवलं. तेलाचा थेंब लावला आणि कडी वर गेली. मागचं बोट मात्र कडीखाली दबून राहिलं होतं. ते काडेपेटीच्या काडीने अलगद बाहेर काढायचं. काढलं. चार बोटं मोकळी, पायात कडी. पिल्लाने एकदा पाय झटकला आणि पुन्हा माझ्या बोटाला ढुसण्या मारायला लागलं.

सहाव्या पिल्लापर्यंत हात बसला होता. म्हणून कडीवर काय कोरलंय ते बघायला मला वेळ मिळाला. वर्ष, अनुक्रमांक, आणि बारीक अक्षरांत दहा आकडे. मी चष्मा वर करून वाचलं. तो माझा मोबाइल नंबर होता.

"अहो, हा माझा नंबर आहे."

"हो."

"किती वर्षं?"

"मोबाइल आल्यापासून." तो ढाबळीकडे बघत होता. "मी फोन उचलत नाही. तू उचलतेस."

म्हणजे इतकी वर्षं त्याची कबुतरं माझा नंबर पायात घालून पनवेलवरून फिरत होती, आणि मला ठाऊकच नव्हतं. अधूनमधून कुणीतरी फोन करून "कबूतर" म्हणायचं आणि मी "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायचे, ते आता आठवलं. ते मात्र मी त्याला सांगितलं नाही.

प्लास्टर निघालं. मनगट वाकायचं, पण बोटांत पूर्वीची पकड राहिली नाही. तीन-साडेतीन महिन्यांनी ही आठ पिल्लं चांगली उडायला लागली तेव्हा त्याने ती पेटाऱ्यात घालून खोपोलीला नेली, तिथून सोडायला. सकाळी पेटारा भरण्याआधी मी त्यांना एक पेला दाणे घातले होते. एवढ्या लांबून यायचं, उपाशी कशी येतील, असा माझा हिशेब.

दुपारपर्यंत सात आली. आठवं, निळसर राखी, पंखांवर दोन काळ्या पट्ट्या असलेलं, आलं नाही. संध्याकाळी नवरा गच्चीतून उतरला आणि जेवताना म्हणाला, "सकाळी डबा खडखडलेला मी ऐकला होता."

मी त्याच्या पानात भात वाढला.

"पोट भरून पाठवलंस. बसलं असेल कुठल्यातरी झाडावर आरामात. ससाण्याने उचललं असेल एव्हाना."

त्याने आवाज चढवला नव्हता. पण पुढचे दोन आठवडे आमच्यात भाजी काय करायची एवढंच बोलणं होतं. मी वर जाणं बंद केलं. लॅबमध्ये रक्त काढताना एका बाईचा हात धरला, तिची नस शोधली, आणि मला त्या निळ्याचा पाय आठवला. मला स्वतःचाच राग आला.

फोन आला तेव्हा मी लॅबमध्येच होते. बाईचा आवाज, मोठा, मागे वारा.

"तुमचा कबूतर हरवलाय काय?"

मी "राँग नंबर" म्हणणार होते, जेमतेम थांबले. "कुठून बोलताय?"

"मोऱ्यावरून. उरणचा मोरा. आमच्या बोंबलावर येऊन पडला. जाल्याचा दोरा गुंडाळलेला पायात. आमी कापला. पायात कडी हाय, त्याच्यावर नंबर लिवलाय, तो भाच्याकडून वाचून घेतला."

"जिवंत आहे?"

"खातंय चांगला. पन उडत नाय."

रविवारी आम्ही दोघं एसटीने उरणला गेलो आणि तिथून रिक्षाने मोऱ्याला. नवऱ्याच्या मांडीवर भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं होतं. धक्क्याच्या अलीकडे तिचं घर. पन्नाशीची बाई, काष्टा घातलेली, दारात सुकी कोळंबी निवडत बसलेली. तिने पालथी घातलेली पाटी उचलली. खाली आमचं निळं होतं. तिने तळहातावर तांदळाची कणी घेतली आणि ते चालत तिच्याकडे गेलं, आमच्याकडे त्याने बघितलंही नाही.

नवऱ्याने ते उचललं आणि डावा पंख उघडून बघितला. हाड मोडून वाकडं जुळलं होतं.

"हे आता उडणार नाही," तो म्हणाला.

"मंग?" बाई म्हणाली. "उडत नाय म्हनून टाकून देनार काय?"

"तसं नाही हो." तो गोंधळला. एवढी वर्षं त्याने उडणारीच कबुतरं पाळली. "आमच्याकडे बाकीची याला मारतील. चोच मारून मारून जीव घेतील. पण नेतो ना."

तिने कणी जमिनीवर टाकली. निळं त्याच्या हातातून सुटायला धडपडायला लागलं.

"राहू द्या त्यांच्याकडे," मी म्हणाले. "चालेल ना हो, ताई?"

"माझ्याकडं काय, चार कोंबड्या हायत, त्यात एक हा."

नवऱ्याने त्याच्या पायातली कडी अंगठ्याने फिरवली. "रिंग आपली आहे त्याच्या पायात."

"असू दे. नंबर माझा आहे. काही झालं तर मला कळेल."

त्याने कबूतर खाली ठेवलं. तिने आम्हाला चहा पाजला आणि पुठ्ठ्याचं खोकं रिकामं जाऊ नये म्हणून त्यात सुके बोंबील भरून दिले.

परतीच्या एसटीत कंटेनरच्या रांगेत बराच वेळ अडकलो. तो खिडकीकडे होता. जासईच्या आसपास तो म्हणाला, "त्या दिवशी वारा फार होता. खाडीकडे ओढला गेला असेल तो. दाण्यांचं काही नव्हतं."

"बरं," मी म्हणाले. खरं काय होतं ते त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. पण त्याने ते म्हटलं. मी खोक्यातल्या बोंबलांचा वास सहन करत पनवेलपर्यंत बसले.

त्यानंतर तिचे फोन यायला लागले. चार महिन्यांनी एकदा ती हसत होती, तिला बोलता येईना.

"तुमच्या मिस्टरांना सांगा, त्यांच्या 'त्याने' दोन अंडी घातल्यात."

मी सांगितलं. तो खुर्चीतून उठून गच्चीत गेला आणि ढाबळ झाडायला लागला. पट्ट्यांवरून नर-मादी ओळखतो म्हणून त्याची ओळखीच्या लोकांत ख्याती होती.

धक्क्यावरचं एक रानटी कबूतर आमच्या निळ्या मादीच्या मागे लागलं होतं. अंड्यांतून एकच पिल्लू निघालं. बाईने मला काय घालायचं ते विचारलं. मी आता सांगू शकत होते. ज्वारी-बाजरी द्या, मटकी द्या, पिल्लाला आई-बाप घशातून भरवतील, तुम्ही हात घालू नका. पचायला खडे लागतात, विटेचा चुरा द्या. ती म्हणाली, इथे कालवांच्या शिंपल्यांचा ढीग आहे, तो चालेल काय? शेजारी बसून ऐकणाऱ्या नवऱ्याने मान हलवली. चालेल काय, उत्तमच. मग ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर तिने कुटलेल्या शिंपल्यांची एक गोणी आमच्याकडेही पाठवली.

"पिल्लाला कडी घालायची काय?" तिने विचारलं होतं. "मी येऊन घालते," मी म्हणाले, पण त्या आठवड्यात लॅबमध्ये दोघी रजेवर होत्या आणि दिवस टळला.

मध्यंतरी तिने शेवटचा फोन केला तो याच पिल्लाबद्दल. ते उडायला लागलं आणि धक्क्यावरच्या थव्यात गेलं. आईपाशी परत येत नाही.

"रोज दाने टाकते," ती म्हणाली. "पन्नास येतात. त्यातला आपला कुठला, ते मला वलखत नाय."

"मग सगळ्यांनाच टाका," मी म्हणाले.

"टाकतेच हाय," ती म्हणाली, आणि होडी लागली म्हणून तिने फोन ठेवला.