एक हात खिशात

बापटजींनी पहिल्याच दिवशी डावा हात पँटच्या खिशात घातला आणि एकट्या उजव्या हाताने माझ्या दुकानातला चालू टीव्ही तपासायला घेतला. मला वाटलं, मिल बंद पडून नोकरी गेली तरी ऐट उतरलेली नाही. मला कामाला माणूस हवाय, नवाब नको, असं मी सुनावलंही. ते शांतपणे म्हणाले, "भिया, लाइन चालू आहे. दोन्ही हात घातले तर करंट छातीतून जातो. एक जेबमध्येच बरा."

मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात त्यांचे केस पिकले होते. छत्रीबागेतल्या माझ्या दुकानात ते बोर्ड आधी हुंगायचे, मग भिंगातून बघायचे, मग मीटर लावून सप्लाय पोचतोय का ते पाहायचे. मी मात्र आल्या आल्या पार्ट बदलायला सोल्डरिंगची कइया तापवायचो. "कइया तो मेहमान है भिया," ते म्हणायचे, "बुलाओगे तब आएगी." मी गिऱ्हाइकावर डाफरू लागलो की कोपऱ्यातून माझ्याकडे बघत, "लाइन चालू आहे," म्हणत मुद्दाम डावा हात खिशात घालायचे. गिऱ्हाईक हसायचं आणि माझा सौदा ढिला पडायचा.

तेव्हा पीथमपूरला नवे कारखाने येत होते. तिथला एक मॅनेजर पॅकिंग मशीनचा बोर्ड घेऊन आला. मशीन चालता चालता थांबायचं. हा बोर्ड गेला, नवा घ्या आणि सगळ्या मशीनची देखभाल आमच्याकडे द्या, इथवर मी त्याला घासून घासून आणला होता. तो हो म्हणणार, एवढ्यात बापटजींनी बोर्ड चालू केला आणि एक हात खिशात ठेवून जुन्या टूथब्रशच्या दांड्याने त्यावर टिचक्या मारत सुटले. एका कोपऱ्यात टिचकी बसली आणि दिवा लुकलुकला.

"बोर्ड बेकसूर आहे साहेब. टाका सुटलाय."

लाइन बंद करून त्यांनी मेहमानाला बोलावलं. थेंबभर सोल्डरमध्ये काम झालं.

देखभालीचं काम मॅनेजरने दिलं, पण दुकानाला नाही. बापटजींनाच कारखान्यात नोकरीवर घेतलं.

ते निरोपाला आले तेव्हा मी तोंड उघडायच्या तयारीतच होतो. मिलने टाकलेल्या माणसाला जागा कुणी दिली, हे ऐकवायचंच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश डावा हात खिशात घातला. रागातसुद्धा मला हसू फुटलं. तेव्हा हात बाहेर काढून त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"अब लाइन बंद है," म्हणाले.

राग अजून आहे. असा माणूस दुकानात परत आला नाही. पण मोठ्या सौद्याला बसलो की माझा डावा हात खिशात जातो. गिऱ्हाइकांना वाटतं, सेठला ऐट आली.