मोडून पाहणारा बिघाड्या

बिघाड्याच्या हातात कुठलाही प्रोग्रॅम दिला की पाच मिनिटांत तो बंद पडायचा. वजनाच्या जागी हा स्वतःचं नाव टाकायचा, तारखेच्या जागी बत्तीस. मशीन गपगार झालं की याचा चेहरा खुलायचा. मलकापुरात कापडदुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. दोन मशीन, चपला बाहेर. बिघाड्या आमचा मास्तर, माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठा. पुस्तकातून उतरवून घेणाऱ्याला तो सरळ खाली चहा सांगायला पाठवायचा. "चालते ते तर सारेच पायतात बे," म्हणायचा, "अडते कुठं ते पाय."

कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये मुंबईहून आणलेला पावत्यांचा प्रोग्रॅम होता. आमच्याकडे एकेका गावात एकाच नावा-आडनावाची तीन-तीन माणसं. एकाचा कापूस दुसऱ्याच्या नावावर चढायचा आणि वजनकाट्यावर भांडणं व्हायची. मुंबईला पत्रं गेली, उत्तर नाही. बिघाड्यानं कोणालाही न विचारता प्रोग्रॅम उघडला आणि पावतीत शेताचं नाव घातलं. आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव असतंच: चिंचेचं, नाल्यावरचं, भुताचं. भांडणं मिटली. मालकानं परवानगीचा विषय काढला, तर हा म्हणे, "शेतकऱ्याले त्याचं वावर विचारायले परवानगी काऊन लागते?" आपण हेच व्हायचं, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

पुढे तो पुण्याला एका कंपनीत गेला. सहा वर्षांनी मीही तिथंच लागलो, त्याच्याच हाताखाली. आता तो साहेब होता. गळ्यात ओळखपत्र, तोंडी सारखं 'प्रोसेस'. एका फॉर्ममध्ये मला घोळ दिसला: आडनाव न लावणाऱ्या माणसाला तो पुढेच जाऊ देईना. हात शिवशिवत होते. कोणी सांगितलं नसताना दोन दिवसांत मी तो दुरुस्त केला. बिघाड्यानं केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. माझं काम वाचता वाचता त्याचे डोळे चमकायला लागले. एक चूक काढली, ती स्वतःच सुधारूनही दिली. मग खुर्ची मागे सरकवली.

"चांगलं केलं बे. आता पुसून टाक."

मी कारण विचारलं. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "गिऱ्हाइकानं मागितलं नाही. मलेही पहिल्या वर्षी असंच पुसायले लावलं होतं."

मला त्याचा भयंकर राग आला. आजही येतो, आणि त्याची आठवणही तितकीच येते. पण पुसायची कळ त्यानं दाबली नाही, मी दाबली. त्यानंतर इतक्या वर्षांत असलं काही पुसायला सांगण्यासाठी कोणालाही मला केबिनमध्ये बोलवावं लागलेलं नाही.