भाऊंचं रीळ

कॅमेरा पेटीतून काढायच्या आधी ते जमिनीवर बसायचे. स्टँड बाजूला आडवा ठेवायचा, मांडी घालायची आणि निवांत इकडेतिकडे बघत राहायचं, पंगतीला बसल्यासारखं. मी शेजारी ताटकळत उभा. ऊन सरकताना दिसत असायचं आणि माझा जीव वरखाली व्हायचा.

"बसा ना साहेब," ते म्हणायचे. "आधी त्याइले आपल्याले पाहू द्या. मंग आपन पाहू."

त्यांचं नाव सांगत नाही. सगळे भाऊच म्हणायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे शिक्षण नाही, हुद्दा नाही, आणि तरी खोलीत शिरला की सगळे त्याच्याच बाजूला सरकतात. असा माणूस लांबून बघायला फार बरा वाटतो. त्याच्याबरोबर रोज काम करणं ही निराळी गोष्ट आहे.

फाळणीला दोनेक वर्षं झाली होती. सिंधमधून आलेली कुटुंबं नागपूरच्या बाहेर लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये राहत होती. आमची संस्था त्यांना औषधं, कपडे, शिवणयंत्रं पुरवायची. मदत देणारे लोक मुंबईत आणि परदेशात. आपल्या मदतीचं काय होतं ते त्यांना दिसावं म्हणून छोटे मूकपट काढायचं ठरलं, आणि कोणीतरी चावीचा एक कॅमेरा देणगी दिला. घड्याळासारखी चावी भरायची, अर्धा मिनिट चालायचा, पुन्हा चावी. मी मुंबईच्या एका स्टुडिओत दोन वर्षं कॅमेरामनच्या हाताखाली काढून, वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून महाल भागातल्या घरी परतलो होतो. हे काम नागपुरात माझ्याशिवाय कोणाला येणार, अशा तोऱ्यात मी रुजू झालो.

भाऊ स्टँड उचलायला होते. पाचपावली वस्तीतले कोष्टी, वय चाळिशीचं. सूत मिळेना म्हणून माग बंद पडला आणि ते संस्थेत शिपाई झाले. डावा डोळा नेहमी अर्धा मिटलेला. एकदा विचारलं तर म्हणाले, तुटलेला धागा शोधता शोधता बारीक झाला. तंबाखू खायचे, टांग्यात बसल्याबसल्या घोरायचे, आणि माझ्या पँटीचं कापड चिमटीत धरून "हे मिलचं. याच्यात जीव नाही," असं चारचौघांत सांगायचे.

पहिल्याच दिवशी मी नळावर पाण्याला आलेल्या बायकांना ओळीत उभं केलं. सगळ्यांनी तोंडावर पदर आणि ओढण्या ओढल्या. सिंधमधल्या शिकारपूरला एकेकाळी कापडाची पेढी असलेले एक म्हातारे गृहस्थ खाटेवर बसले होते, त्यांनी सरळ माझ्याकडे पाठ फिरवली. मी चिडलो. भाऊ उठले, म्हाताऱ्याजवळ जाऊन जमिनीवर बसले, आणि त्याच्या खांद्यावरच्या छापील चादरीचा काठ बोटांत धरून उलटसुलट पाहू लागले. धाग्याचा नंबर काय, रंग कशात उकळतात, असलं काहीतरी मोडक्या हिंदीत विचारत होते. पाच मिनिटांत म्हातारा चादर पसरून समजावून सांगायला लागला. बोलताना त्याचा चेहरा असा उजळला की मी घाईघाईनं चावी भरली. तो चेहरा छान आल्याचं पत्र मुंबईहून आलं. संस्थेच्या चिटणीसबाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि मी मान तुकवली. भाऊ तेव्हा दारात उभे होते. खुश दिसत होते. त्यांच्या खुश दिसण्याचाच मला पहिल्यांदा राग आला.

सिंधी लोक दारी आलेल्याला पापड आणि पाणी देतात. मला ते नेहमी मिळायचं, स्वच्छ ताटलीत, खुर्ची पुसून. भाऊंना कोणी ताटली देत नसे. ते चुलीपाशी बसायचे आणि कांदा घातलेली जाड पोळी तव्यावरून थेट त्यांच्या हातावर पडायची. बायका त्यांच्यावर ओरडायच्या, इतक्या उशिरा का आलात म्हणून. मी खुर्चीवर पापड मोडत ते ऐकत बसायचो. ताटलीतला पापड खाऊनही माणूस उपाशी राहू शकतो, हे मला तिथे कळलं.

भाऊंनी कॅमेरा शिकवा म्हटलं, तेव्हा मी हसून शिकवलं. शिकून त्यांनी पहिली आख्खी चावी एका बकरीवर खर्च केली. मी ही गोष्ट ऑफिसात दहा जणांना सांगितली. ते स्वतःही हसले. "बकरी चांगली होती गा," शेजारच्या शिपायाला म्हणाले. माझा जीव थंड झाला. हा माणूस स्टँडच उचलणार, अशी माझी खात्री पटली.

मग हिवाळ्यात मला हिवताप आला. त्याच आठवड्यात ब्लँकेटं आली. वाटपाचं चित्रण लांबवता येत नव्हतं, म्हणून चिटणीसबाईंनी कॅमेरा भाऊंच्या हाती दिला. रीळ मुंबईला धुवायला गेलं, तीन आठवड्यांनी परत आलं. तोवर मी उठलो होतो. ऑफिसच्या भिंतीवर चादर लावून आम्ही ते पाहिलं.

सुरुवातीला रांग, गाडी, पुढाऱ्याचा हार. सगळं वाकडंतिकडं. मी मनातल्या मनात चुका मोजत होतो. आणि मग दोन हात आले. एका बाईचे. तिनं नवं ब्लँकेट अंगावर घेतलं नाही, जमिनीवर अंथरलं आणि वितीनं मोजू लागली. एक वीत, दोन, तीन. थांबली. ब्लँकेट आडवं केलं आणि पुन्हा मोजलं. तीन मुलं त्यात कशी बसतील याचा ती हिशोब लावत होती, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. चावी संपेपर्यंत भाऊ हलले नव्हते.

चिटणीसबाईंनी चष्मा पुसला. मग माझ्याकडे वळून गमतीनं म्हणाल्या, "तुम्ही आजारी पडलात ते बरंच झालं म्हणायचं."

मी हसलो. घरी जाऊन जेवलो नाही. त्या हातांवर मीही कॅमेरा लावला असता, पण पहिली वीत मोजून झाल्यावर बंद केला असता. ते मला माहीत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

ती बाई सात नंबरच्या बराकीतली. नवरा सिंधमधून येताना वाटेतच गेला होता. भाऊ तिला अदी म्हणायचे; सिंधीत बहिणीला तसं म्हणतात. तोंड का नाही घेतलं, असं मी विचारलं तेव्हा भाऊंनी सांगितलं, तिचा थोरला दीर मुंबईत व्यापारी आहे. त्याच्या घरी आश्रित म्हणून राहायचं नाही म्हणून ती त्याला लिहिते की माझं ठीक चाललंय, शिवणकाम करते, कोणाचं काही घ्यावं लागत नाही. फुकटचं ब्लँकेट घेताना ती त्याला दिसता कामा नये. "तोंड नाही घ्यायचं, साहेब," भाऊ म्हणाले. "म्या वचन देल्लं आहे."

मुंबईच्या ऑफिसचं पत्र आलं. हातांचा तुकडा अप्रतिम आहे, बाईचा चेहरा दिसला असता तर आणखी परिणाम झाला असता. ते वाक्य मी किती वेळा वाचलं, आठवत नाही.

भाऊ पुतणीच्या लग्नाला तीन दिवस उमरेडला गेले, तेव्हा मी एकटाच सात नंबरला गेलो. बाईनं नको म्हटलं. दुसऱ्यांदाही नको म्हटलं. मग मी म्हणालो, भाऊंनीच सांगितलंय. त्यांच्या सांगण्यावरूनच मी आलोय.

मग तिनं डोक्यावरची ओढणी मागे सारली आणि ब्लँकेट अंगणात उन्हात आणलं. मी सांगितलं तसं तिनं अंथरलं, मोजलं, वर पाहिलं. उजेड उत्तम होता. चेहरा स्वच्छ आला. पण त्या ब्लँकेटखाली तिची मुलं महिनाभर झोपत होती. तिला आता मोजायचं काही उरलं नव्हतं. ती माझ्यासाठी मोजत होती. चौकटीतून बघतानाच मला हे दिसलं, आणि तरी मी रीळ मुंबईला पाठवलं.

त्यांनी भाऊंचा तुकडा काढून माझा लावला. देणगीदारांच्या एका कार्यक्रमात तिच्या दिरानं तो पाहिला.

तो चार दिवसांत नागपूरला आला. आवाज चढवणारा माणूस नव्हता. त्यानं फक्त सामान बांधायला सांगितलं. आमच्या घरची सून भीक घेताना सगळ्या मुंबईनं पाहिली, आता इथे राहायचं नाही, इतकंच म्हणाला. बाईचं शिवणकाम नुकतंच कुठे बरं चाललं होतं. संस्थेचं यंत्र तिनं पुसून शेजारणीकडे ठेवलं.

भाऊंना बराकीतूनच कळलं, काय झालं ते आणि कोणाच्या नावावर झालं तेही. ते ऑफिसात माझ्या टेबलाशी आले.

"माहं नाव घेतलं काय तुमी?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायची तयारी करून ठेवली होती, पण त्यांचा तो बारीक डोळा समोर असताना जमलं नाही.

ते म्हणाले, "माह्या नावावर तिनं केलं. मंग ते म्याच केलं."

ते बराकीत गेले. मीही मागोमाग गेलो. का गेलो? कदाचित ते माझं खोटं सांगतील आणि एकदाचं सुटेल, म्हणून. त्यांनी सांगितलं नाही. दाराबाहेर उभे राहिले आणि सगळी बराक त्यांच्यावर तुटून पडली. ज्या बायका तव्यावरची पोळी त्यांच्या हातावर टाकायच्या, त्याच पुढे होत्या. शिकारपूरचे म्हातारे खाटेवरून उठून आले आणि बोट नाचवत म्हणाले की आम्ही तुला घरात घेतलं, तू घर विकलंस. भाऊ खाली मान घालून ऐकत होते. टांगा आला तेव्हा त्यांनी बाईची ट्रंक उचलली. तिनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः टांग्यात चढवली.

मी चार हातांवर उभा होतो, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा. एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोललो नाही.

आता जे सांगतो ते सांगायला लाज वाटते. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. चित्र मी काढलं हे सगळ्यांना माहीत होतं. पण मी ऑफिसचा माणूस, मी चित्रं काढणारच. विश्वासघात करायला आधी आपलं असावं लागतं. ती शिवीगाळ, ते बोट नाचवणं, ती हिसकावून घेतलेली ट्रंक, सगळं त्यांना मिळत होतं, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी स्टँड पुसून माझ्या टेबलावर आणून ठेवला. या वेळी मला 'साहेब' म्हणाले नाहीत. "कोनाले सांगनार नाही मी. पन तुमच्यासंग आता येनार नाही." चिटणीसबाईंना घरची अडचण सांगून त्यांनी नोकरी सोडली. पुढे तीन वर्षं मी चित्रपट काढले. उजेड बरोबर, चौकट बरोबर. त्यात लोक ओळीत उभे राहून कॅमेऱ्याकडे बघताना दिसतात. मुंबईच्या पत्रांमध्ये 'पोचले' एवढंच यायचं.

पाचपावलीतून जाताना एकदोनदा त्यांच्या घराची चौकशी केली, मागाचा आवाज येत होता तिथवर गेलो, आणि परतलो.

आठ-नऊ वर्षांनी बहिणीच्या लग्नासाठी कापड घ्यायला एका नव्या दुकानात शिरलो, तर गादीवर शिकारपूरचे म्हातारे. मला त्यांनी ओळखलं नाही. मी भाऊंबद्दल विचारलं तेव्हा त्यांचे हात थांबले.

"दादा तो गुजर गए. पिछली सर्दी में." भाऊंच्या मयतीला दुकानं बंद ठेवून कोण कोण गेलं होतं ते त्यांनी सांगितलं. निम्मी नावं मला माहीत होती, त्या दिवशी भाऊंवर तुटून पडलेल्यांचीच. त्यांतल्या एकालाही मला कळवावंसं वाटलं नव्हतं.

मी विचारलं, त्या बाईचं काय झालं? कल्याणकडे असते, म्हणाले, स्वतःचं शिवणाचं दुकान आहे. नागपूर सोडून दोन वर्षं झाल्यावर तिनं भाऊंना एक पत्र पाठवलं होतं, सिंधीत. ते घेऊन भाऊ या म्हाताऱ्यांकडे आले आणि त्यांनी वाचून दाखवलं. मग भाऊंनी पुन्हा वाचायला लावलं. तीन वेळा.

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं. तिला सगळं कळलं होतं का, कोणी कळवलं होतं, त्या पत्रात माझं नाव होतं का, एवढं मला हवं होतं.

म्हाताऱ्यानं कापड गजावर मोजलं, कापलं, घडी घातली. घाई न करता.

"चिट्ठी दादा की थी, बाबूजी," ते म्हणाले, आणि पुडकं माझ्या हातात देऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.