सावे सर आणि खालचा अर्ज

चहा सांगायला समोरच्या टपरीवर गेलं, तरी परत आल्यावर सावे सर विचारत, "काय सांगितलंस? त्यानं काय ऐकलं?" डहाणू स्टेशनजवळच्या त्यांच्या संगणक केंद्रात मी नोकरीला लागले, तेव्हा मला हा माणूस संशयी वाटला. पुढे कळलं, नुसता घाबरट आहे. त्या घाबरटपणावर मी मनातल्या मनात खूप हसले आहे.

संगणकाच्या जावा भाषेतलं काम शिकवतानाही तेच. एका पानानं अर्ज दुसऱ्या पानाकडे फॉरवर्ड केला, म्हणजे पुढे ढकलला, की भरलेली माहिती आपोआप सोबत जाते, हे मला पाठ होतं. सर म्हणत, "जाते ना? मग पोचल्यावर काय काय पोचलं, ते फाइलीत लिहून ठेव. एकाच रकान्याच्या दोन नोंदी आल्या, तर दोन्ही." मी कुरकुरत तेवढी सोय केली आणि विसरून गेले.

२०१७ साली एका संस्थेसाठी आम्ही मुलींच्या वसतिगृहांचे अर्ज ऑनलाइन घेतले. वसतिगृहं दोन, तलासरीचं आणि कासाचं. यादी लागायच्या दिवशी सकाळी दहाला तलासरीकडच्या एका पाड्यावरून जयवंती नावाच्या मुलीचे वडील आले. हातात आमचीच पावती.

"मॅडम, आम्ही तलासरी भरलेलं. हितं कासा आलंय. तिची आई आजारी हाय, पोरीला दर शनवारी घरी यायला लागतं. कासा दिलं तर शाळा बंद."

मी यादी उघडली. सगळ्याच्या सगळ्या मुली कासाला! चाचणी करताना फॉरवर्डच्या पत्त्यापुढे 'वसतिगृह कासा' असं मीच जोडलं होतं आणि काढायचं राहिलं होतं. यादी बाराला लागणार होती.

सर ओरडले नाहीत. त्यांनी एक कोरा अर्ज घेतला, त्यावर 'कासा' लिहिलेली चिठ्ठी टाचली आणि माझ्यापुढे धरली. "तू हे केलंस. पुढचं पान वरची चिठ्ठी आधी वाचतं. पण खालचा अर्ज फाटत नाही गं. ती फाइल उघड."

फाइलीत प्रत्येक मुलीपुढे दोन नोंदी होत्या. आधी माझं कासा, मग तिनं स्वतः भरलेलं. सर एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले, मी दुरुस्त करत गेले. जयवंतीचं त्यांनी दोनदा वाचलं. बाराला दहा मिनिटं असताना यादी संस्थेला पाठवली, तरी त्यांना चैन नाही. "फोन लाव. त्यांना तिथं काय दिसतंय, विचार."

मग त्यांनी जयवंतीच्या वडिलांपुढे हात जोडले. "चूक माझी झाली, भाऊ." मी शेजारीच उभी होते. तोंड उघडलं नाही.

२०१९च्या सुरुवातीला सर झोपेतच गेले. त्याच वर्षी बारावी झालेली जयवंती नर्सिंगचा अर्ज भरायला केंद्रात आली. सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "बाबा अजून सांगतात, येवढा मोठा माणूस, पण हात जोडले."

"ती चूक सरांची नव्हती," मी म्हटलं. "माझी होती."

तिनं विचारलं, "मग तेव्हा त्यांना हात का जोडू दिले?"

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. म्हटलं, "तुझ्या अर्जात मी काय भरलंय, ते तू वाच. मोठ्यानं वाच."